इंग्लंडहून कॅनडाला गेलेल्या कारागीर पूर्वजाचा माग: गवंडी, सुतार, लोहार यांचे कागद कसे जुळवायचे?

पिंपळपान

कॅनडातल्या अनेक मराठी घरांचं आता इंग्रज वंशाच्या कुटुंबांशी नातं जुळलेलं आहे. मुलांची वंशावळ मांडायला घेतली की एक बाजू शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बोटीने आलेल्या कुणा कारागिरापाशी येऊन थांबते. त्याच्या पुढे, म्हणजे मागे, कसं जायचं यासाठी हा धागा. एका कुटुंबाचे हातातले कागद नमुना म्हणून देते.

१९११ ची कॅनडाची जनगणना, टोरांटो. कुटुंबप्रमुख गवंडी, म्हणजे ब्रिकलेयर. जन्म मे १८७९, इंग्लंड. कॅनडात आल्याचं वर्ष १९०७. बायको इंग्लंडची, आल्याचं वर्ष १९०८. मुलगी पाच वर्षांची, जन्म फेब्रुवारी १९०६, इंग्लंड. मुलगा दोन वर्षांचा, जन्म ओंटारियो. धर्म मेथडिस्ट, म्हणजे एक प्रोटेस्टंट पंथ.

नाव-आडनाव अतिशय सामान्य आहे. क्वेबेकला उतरलेल्यांच्या १९०७ च्या याद्यांत त्या नावाचे तिघे सापडतात: एक गवंडी, वय ३४, एक शेतमजूर, वय २८, एक सुतार, सोबत बायको आणि चार मुलं. धंदा जुळतो पहिल्याचा, वय जुळतं दुसऱ्याचं. इंग्लंडमधलं गाव कुठल्याच कागदावर नाही. सुरुवात कुठून करावी?

दफ्तरदार

बोटीची यादी तूर्त बाजूला ठेवा. या तिघांपैकी कोण, हा प्रश्न शेवटी सुटेल आणि आपोआप सुटेल. आधी घरातल्या मुलांना धरा. पुरुषाचं नाव सामान्य असलं तरी नवरा, बायको आणि मुलं यांची जुळणी सामान्य नसते.

क्रम असा ठेवा.

पहिला कागद ओंटारियोत जन्मलेल्या मुलाची जन्मनोंद. ओंटारियोत १ जुलै १८६९ पासून सरकारी नोंदणी आहे आणि १९०९ च्या आसपासच्या जन्मनोंदी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर पाहता येतात. त्यात आईचं माहेरचं आडनाव आणि बापाचा धंदा मिळतो. तुमच्याकडे आज नसलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे माहेरचं आडनाव.

दुसरी पायरी इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसची, म्हणजे जीआरओची ऑनलाइन सूची. खातं उघडावं लागतं, शोध फुकट आहे. जुन्या छापील सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच (जुलै ते सप्टेंबर) आहे. जीआरओने स्वतः नव्याने केलेल्या सूचीत मात्र ते १८३७ पासून भरलेलं आहे. त्यामुळे पहिलं नाव रिकामं सोडून फक्त आडनाव आणि आईचं माहेरचं आडनाव टाकता येतं. १९०० ते १९०७ एवढी वर्षं चाळा. त्या जोडप्याची इंग्लंडमधली सगळी मुलं एका खाली एक दिसतात, जगलेली आणि दगावलेलीही. मुलगा आणि मुलगी यांचा शोध वेगवेगळा करावा लागतो, तो विसरू नका.

फेब्रुवारी १९०६ चा जन्म जून तिमाहीतही सापडू शकतो. नोंदणीला ४२ दिवसांची मुदत होती आणि सूची नोंदणीच्या तारखेने लागते, जन्माच्या नाही.

सूचीत जिल्हा, खंड आणि पान मिळतं. खंडाच्या आकड्यावरून प्रदेश कळतो: ६ड म्हणजे वॉरिकशायर, त्यात बर्मिंगहॅमचा बराच भाग, ८ ने सुरू होणारे लँकशायर-चेशायर, ९ ने सुरू होणारे यॉर्कशायर, १अ ते १ड लंडन.

मग मुलीचा दाखला मागवा. त्यावर घराचा पत्ता आणि बापाचा धंदा असतो. त्यानंतर लग्नाचा दाखला, आणि त्यावर नवऱ्याच्या बापाचं नाव व धंदा. तो हातात आला की १९०१, १८९१ आणि १८८१ च्या जनगणनेत कुटुंब शोधणं एका संध्याकाळचं काम आहे. १८८१ मध्ये आपला गवंडी दीड-दोन वर्षांचा असेल, आईबापांच्या घरी. जन्मगाव तिथे मिळेल.

सागरवाट

दफ्तरदारांशी पूर्ण सहमत. त्या तिघांपैकी मी आज पैज लावायची तर २८ वर्षांच्या शेतमजुरावर लावीन. कारण सविस्तर सांगतो, कारण इथेच सर्वाधिक लोक चुकतात.

त्या काळात कॅनडा सरकारला शेतकरी, शेतमजूर आणि घरकामाच्या बायका हव्या होत्या. ब्रिटनमधल्या जहाज कंपन्यांच्या तिकीट एजंटांना अशा पसंतीच्या प्रवाशामागे कमिशन मिळे. त्याला ब्रिटिश बोनस म्हणत. यादीत नावापुढे ‘ब्रिटिश बोनस अलाउड’ असा शिक्का दिसतो तो याचाच. पैसे प्रवाशाला नाही, एजंटाला. साहजिकच बर्मिंगहॅमचा गवंडी किंवा शेफील्डचा फिटर तिकिटाच्या खिडकीवर शेतमजूर होऊन जाई. १९१० पासून आणखी एक कारण आलं. उतरताना खिशात मार्च ते ऑक्टोबरमध्ये २५ डॉलर आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ५० डॉलर दाखवावे लागत. शेतावर काम ठरलेल्याला त्यातून सूट होती.

म्हणून बोटीच्या यादीतला धंदा हा त्या माणसाबद्दलचा सगळ्यांत कच्चा पुरावा. तो जुळला म्हणून हुरळून जाऊ नये आणि जुळला नाही म्हणून नाव खोडू नये. १९१० च्या दशकातल्या छापील फॉर्मात मायदेशी कोणता धंदा केला आणि कॅनडात कोणता करणार असे दोन वेगळे रकाने असतात. सूचीत बहुधा त्यातला एकच उतरवलेला असतो, म्हणून मूळ पानाची प्रतिमा पाहायलाच हवी.

बायको १९०८ ला आली आहे हे तुमच्या पथ्यावर आहे. नवरा आधी, बायको-मुलं साल-दीड सालाने, ही कारागिरांची नेहमीची रीत. तेव्हा १९०८ च्या याद्यांत एकटी बाई आणि दोन वर्षांची मुलगी अशी जोडी शोधा. त्या ओळीत ‘नवऱ्याकडे’ अशा अर्थाची टीप आणि ‘टोरांटो’ असेल तर ती पक्की. बायकोची बोट सापडली की नवऱ्याची शोधणं सोपं होतं, कारण बरेचदा कंपनी आणि बंदर तेच असतं.

खडूफळा

एक मूलभूत शंका. आडनाव स्मिथ, मेसन, कूपर, राइट, टर्नर असेल तर त्या घराण्याचा धंदा गृहीत धरता येतो का? आपल्याकडे सुतार, लोहार, कुंभार ही आडनावं पाहून तसा अंदाज बांधायची सवय असते.

रुमालवाली

नाही, आणि ही सवय पहिल्या दिवशीच सोडून द्यायला हवी. ती आडनावं मध्ययुगात पडली. एकोणिसाव्या शतकातला स्मिथ खाणकामगार असेल, कारकून असेल, काहीही असेल. जात आणि बलुतं यांनी बांधलेला धंदा तिथे नव्हता. बाप गवंडी, थोरला मुलगा गवंडी, मधला रेल्वेत, धाकटा दुकानात, हे अगदी नेहमीचं दृश्य. त्यामुळे १९११ चा गवंडी १८९१ मध्ये गवंड्याच्याच घरात सापडेल असा हट्ट धरू नये.

तरीही धंदा हा उपयोगी धागा आहे, कारण इंग्लंडच्या कागदांत तो पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील नोंदवहीत बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण. १८३७ पासून लग्नाच्या नोंदीत नवऱ्याचा आणि दोन्ही बापांचा धंदा. जन्मदाखल्यावर बापाचा, मृत्युदाखल्यावर मृताचा. १८४१ पासून प्रत्येक जनगणनेत. हे सगळे ओळीने मांडले की माणूस शिकाऊ, मग रोजंदारीवरचा, मग स्वतःचा धंदा करणारा असा चढताना दिसतो.

शब्द नीट समजून घ्या. ‘अप्रेंटिस’ म्हणजे उमेदवारी करणारा, साधारण १४ ते २१ वयाचा. ‘जर्नीमन’चा प्रवासाशी संबंध नाही, तो फ्रेंचमधल्या ‘दिवस’ या अर्थाच्या शब्दावरून आला. उमेदवारी पुरी झालेला, पण दुसऱ्याकडे मजुरीवर काम करणारा कसबी माणूस. ‘मास्टर’ म्हणजे स्वतःचा धंदा असलेला. १८५१ ते १८८१ च्या जनगणनांत मास्टरपुढे ‘३ माणसं आणि २ पोरं कामाला’ अशी नोंद असते. ती असेल तर त्याचं नाव व्यापारी डिरेक्टरीतही बहुधा असणार. जर्नीमनचं तिथे सहसा नसतं. लेस्टर विद्यापीठाने इंग्लंड-वेल्सच्या जुन्या डिरेक्टऱ्या ऑनलाइन ठेवल्या आहेत, केलीज आणि पिगट्स या दोन्ही प्रकाशकांच्या.

१८९१ पासून वेगळे रकाने आले: मालक, नोकर, की दोन्ही नाही. १९११ चा फॉर्म कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेला जपला गेला आहे. त्यात लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, किती हयात आहेत हेही आहे. कॅनडाला गेलेल्याचे आईबाप तिथे असतील तर मुलांचा आकडा ताडून पाहता येतो.

मूळ पानावर धंद्याच्या शब्दावर जाड रेघा मारलेल्या दिसतात. त्या मोजणी करणाऱ्या कारकुनांच्या खुणा. त्यांच्याखालचा शब्द प्रतिमा मोठी करून वाचावा लागतो, आणि सूचीत चुकीचा उतरण्याचं हे एक मुख्य कारण आहे.

टोरांटोकर

समुद्र ओलांडला की धंद्याचं नावही बदलतं, हे वरच्या मुद्द्याला जोडून.

इंग्लंडचा ‘जॉइनर’, म्हणजे दारं-खिडक्या-जिने करणारा सुतार, कॅनडात बहुतेकदा नुसता ‘कार्पेंटर’ होतो. ‘फिटर’ आणि ‘टर्नर’ हे ‘मशिनिस्ट’ होतात. इंग्लंडमध्ये ‘एंजिन ड्रायव्हर’ म्हणतात त्याला कॅनडाच्या रेल्वेत ‘एंजिनियर’ म्हणतात. त्यामुळे कॅनडातला एंजिनियर इंग्लंडमध्ये यंत्रं बनवणारा होता की रेल्वेचं इंजिन चालवणारा हे कामाच्या ठिकाणावरून ठरवा. ‘प्लंबर’ इंग्लंडच्या लहान गावांत रंगारी आणि काचा बसवणाराही असे, आणि कागदावर तिन्ही शब्द एकत्र येतात. कॅनडात त्यातला एकच उरतो.

१९११ च्या कॅनडाच्या जनगणनेचं पान उजवीकडे शेवटपर्यंत वाचा. कामाचं ठिकाण, १९१० मध्ये किती आठवडे काम मिळालं, आठवड्याचे तास, वर्षाची कमाई असे रकाने आहेत. खऱ्या गवंड्याचे आठवडे ५२ पेक्षा बरेच कमी असतात, कारण कडाक्याच्या थंडीत ओला चुना-सिमेंटचा मसाला गोठतो आणि विटांचं काम थांबतं. आठवडे पूर्ण असतील तर माणूस कारखान्यात भट्ट्यांच्या अस्तराच्या कामावर असू शकतो. तिथे कामाचं ठिकाण उलगडा करील.

१९०४ च्या एप्रिलमधल्या आगीत टोरांटोचा मधला व्यापारी भाग जळाला आणि त्यानंतर शहरात बांधकाम जोरात वाढलं. १९०७ मध्ये गवंड्याने टोरांटो निवडणं अगदी सुसंगत आहे.

शहराच्या डिरेक्टऱ्या वर्षागणिक आहेत: टोरांटोसाठी माइट्स, माँट्रिऑलसाठी लव्हेल, विनिपेग आणि पश्चिमेसाठी हेंडरसन. टोरांटो पब्लिक लायब्ररीने त्यांच्या प्रती ऑनलाइन दिल्या आहेत, आणि प्रेअरीतल्या, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ प्रांतांतल्या, बऱ्याच अल्बर्टा विद्यापीठाच्या पील संग्रहात आहेत. नावापुढचं ‘एच’ म्हणजे घर त्याच्या नावे, ‘बीडीएस’ म्हणजे खाणावळीत किंवा कुणाच्या घरी जेवण-राहण्यावर. आपला गवंडी १९०८ च्या डिरेक्टरीत ‘बीडीएस’ आणि १९०९ मध्ये ‘एच’ दिसला तर बायको येऊन बिऱ्हाड थाटल्याची ती खूण. ज्या घरात तो आधी राहिला त्या घरमालकाचं नावही टिपून ठेवा. बरेचदा तो त्याच गावचा किंवा नात्यातला असतो. माहिती छापण्याच्या काही महिने आधी गोळा होई, तेव्हा डिरेक्टरी वास्तवाच्या थोडी मागे चालते.

पिंपळपान

खूपच उपयोगी. मुलाची जन्मनोंद मिळाली. आईचं माहेरचं आडनाव आता हातात आहे, बापाचा धंदा ‘ब्रिकलेयर’च. जीआरओ सूचीत त्या जोडीच्या दोन मुली सापडल्या: एक १९०४ ची, एक १९०६ च्या मार्च तिमाहीतली, दोन्ही एकाच जिल्ह्यात, खंड ६ड. पण दुसऱ्या एका जिल्ह्यात, खंड ९ मध्ये, आडनाव आणि माहेरचं आडनाव यांची हीच जोडी पुन्हा आहे, आणि तिथेही १९०६ च्याच तिमाहीत एक मुलगी, नाव तेच. कोणती आपली?

दफ्तरदार

दाखले मागवण्याआधी तीन फुकट तपासण्या करा.

एक, त्याच सूचीत मृत्यू शोधा. लहान मुलांचे मृत्यू त्या काळात फार होते. खंड ९ मधली मुलगी १९११ च्या आधी त्याच जिल्ह्यात वारली असेल तर प्रश्न संपला. १९०४ ची मुलगीही तपासा. ती कॅनडाच्या जनगणनेत नाही, म्हणजे बहुधा दगावली आहे आणि तिची मृत्युनोंद असायला हवी.

दोन, १९११ ची इंग्लंडची जनगणना. ती २ एप्रिलला झाली, कॅनडाची १ जूनला. खंड ९ वालं कुटुंब त्या दिवशी यॉर्कशायरमध्ये घरी जेवत असेल तर ते टोरांटोचं नाही. आपला माणूस सापडण्यापेक्षा दुसरा बाद होणं पुष्कळदा जास्त खात्रीचं असतं. ही उलटी तपासणी वगळल्यामुळे परक्याचे आजे-पणजे आपल्या झाडाला चिकटतात, आणि इंटरनेटवरची अर्धी झाडं तशी चिकटलेली आहेत.

तीन, फ्रीबीएमडी या फुकट सूचीच्या संकेतस्थळावर लग्न. १९०६ च्या मागे पाच-सात वर्षं नवरा आणि बायको या दोघांची नावं एकाच जिल्ह्यात, एकाच पानावर आहेत का पाहा. १९१२ च्या मार्च तिमाहीआधी लग्नाच्या सूचीत जोडीदाराचं आडनाव नाही, म्हणून पानाचा आकडा जुळवणं हाच मार्ग. एका पानावर दोन किंवा चार जोडपी असू शकतात, तेव्हा ती जुळणी म्हणजे शक्यता, पक्केपणा दाखल्यानेच.

रुमालवाली

खंड ६ड आला म्हणून नाचू नका, पण आनंद करायला हरकत नाही; तिथले कागद चांगले आहेत.

नावांच्या लिखाणाबद्दल एक गोष्ट. इंग्लंडच्या परगण्यांची संक्षिप्त रूपं कॅनडात वाचताना गोंधळ होतो. ‘लँक्स’ आणि ‘लिंक्स’, ‘हँट्स’ आणि ‘हंट्स’ हे चार वेगळे परगणे. ‘सॅलप’ म्हणजे श्रॉपशायर. त्याच्या उलट, ‘जन्म लंडन’ असेल तर ते इंग्लंडचं की ओंटारियोचं हे ठरवा. ओंटारियोत लंडन, विंडसर, स्ट्रॅटफर्ड सगळं आहे, आणि टोरांटोचं स्वतःचंच नाव १८३४ पर्यंत यॉर्क होतं. शिवाय कॅनडात गेलेला माणूस आपल्या खेड्याऐवजी जवळच्या मोठ्या शहराचं नाव सांगतो. ‘बर्मिंगहॅम’ म्हटलं तरी जन्म वीस मैलांवरच्या पॅरिशमधला, म्हणजे तिथल्या चर्चच्या हद्दीतला, असू शकतो.

आडनावाच्या सुरुवातीचा ‘ह’ कामगार वर्गाच्या बोलीत गळतो. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं तर हॅरिसन सापडायला ॲरिसन शोधावं लागतं. आणि १८४१ च्या जनगणनेतली पंधराच्या वरची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत, ३९ चा माणूस ३५ दिसेल. जन्मगावही त्यात नाही, फक्त त्याच परगण्यातला की नाही एवढंच.

सागरवाट

बोटींच्या याद्या कुठे, कोणत्या, याबद्दल एकदाच नीट लिहून ठेवतो.

कॅनडात उतरणाऱ्यांच्या याद्या लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडाकडे १८६५ पासून आहेत. सुरुवात क्वेबेकने होते, हॅलिफॅक्स १८८१ पासून, सेंट जॉन १९०० पासून, पश्चिम किनारा १९०५ पासून. सेंट लॉरेन्स नदी हिवाळ्यात गोठते, म्हणून डिसेंबर ते एप्रिलमध्ये बोटी हॅलिफॅक्स, सेंट जॉन किंवा अमेरिकेतल्या पोर्टलंडला लागत. जनगणनेत फेब्रुवारीत आल्याचं कळत असेल तर क्वेबेकच्या याद्या चाळण्यात दिवस घालवू नका. पुष्कळ लोक न्यूयॉर्कमार्गेही आले. भाडं स्वस्त पडलं की कारागीर तोही रस्ता घेई. कॅनडाच्या जमिनीवरच्या सीमेची नोंद एप्रिल १९०८ पासून सुरू होते, त्याआधी त्या वाटेने आलेल्याची कॅनडात नोंदच नसते.

निघतानाच्या याद्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, मालिका बीटी २७, १८९० ते १९६०. त्याआधीच्या बहुतांश उरलेल्या नाहीत. १९२२ पासून त्यांत इंग्लंडमधला शेवटचा पत्ता असतो, आणि १९२२ नंतर गेलेल्यांसाठी तेवढा एक रकाना सगळं काम करून जातो. परत येणाऱ्यांच्या याद्या बीटी २६. गवंडी आणि रंगारी हिवाळ्यात काम थांबलं की इंग्लंडला परतत आणि वसंतात पुन्हा येत. एकाच माणसाच्या तीन-तीन फेऱ्या सापडतात, आणि जनगणनेतलं ‘आल्याचं वर्ष’ त्यातल्या कुठल्याही फेरीचं असू शकतं. ते वर्ष दोन्ही बाजूंनी दोन वर्षं सैल धरा.

१९१९ ते १९२४ मध्ये मोठ्या कागदांऐवजी प्रत्येक प्रवाशाचा स्वतंत्र फॉर्म भरला जाई, फॉर्म ३०ए. त्यात मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव असतं. १९३५ नंतरच्या नोंदी कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याकडे आहेत, त्या अर्ज करूनच मिळतात.

नागरिकत्वाचे कागद शोधत बसू नका. इंग्लंडहून आलेला माणूस ब्रिटिश प्रजाच होता. १ जानेवारी १९४७ ला कॅनडाचा नागरिकत्व कायदा लागू होईपर्यंत त्याला वेगळं काही करावं लागत नव्हतं.

खडूफळा

आणि १८६५ च्या आधी गेलेला असेल तर? उदाहरणार्थ १८५० च्या दशकातला लोहार किंवा पाथरवट?

टोरांटोकर

तिथे बोट विसरायची आणि जमीन, चर्च, काम या तिघांना धरायचं. अप्पर कॅनडातल्या, म्हणजे आजच्या ओंटारियोतल्या, जमिनीच्या अर्जांत माणूस कुठून आला, कधी आला, कोण सोबत आहे हे स्वतःच लिहून देतो. ते अर्ज लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडाकडे सूचीसह आहेत. पाथरवटांसाठी मोठी बांधकामं पाहा. माँट्रिऑलचा व्हिक्टोरिया पूल १८५९ मध्ये पुरा झाला, ओटावाच्या संसद भवनाचं काम १८५९ ला सुरू झालं. ग्रँड ट्रंक रेल्वेची मोठी कंत्राटं पेटो, ब्रॅसी, जॅक्सन आणि बेट्स या इंग्रज मंडळींकडे होती, आणि त्यांनी इंग्लंडहून कारागीर आणले. लोखंडी कामासाठी त्यांनी बर्कनहेडला कॅनडा वर्क्स नावाचा कारखाना १८५३ मध्ये काढला. म्हणून माँट्रिऑलच्या पॉइंट सेंट चार्ल्समधल्या फिटरचं मूळ बर्कनहेड-लिव्हरपूलच्या बाजूला शोधून पाहणं वावगं नाही.

गरिबीपोटी पॅरिशने किंवा जमीनदाराने पाठवलेले लोकही आहेत. ससेक्समधल्या पेटवर्थहून १८३२ ते १८३७ दरम्यान सुमारे १८०० लोक अप्पर कॅनडाला गेले. गरिबांच्या मदतीच्या १८३४ च्या कायद्यानंतरचा असा पत्रव्यवहार क्यूला एमएच १२ मालिकेत युनियनवार, म्हणजे त्या मदतीसाठी केलेल्या पॅरिशच्या गटांनुसार, लावलेला आहे. सूची तुटपुंजी, वाचन वेळखाऊ, पण त्यात कधी कुटुंबाची वयांसकट यादीच मिळते.

रुमालवाली

उमेदवारीच्या करारांबद्दल लोकांच्या अपेक्षा फार असतात, म्हणून स्पष्ट लिहिते. १७१० ते १८११ या काळात मास्टरने घेतलेल्या फीवर मुद्रांक कर होता, पन्नास पौंडांपर्यंत पौंडाला सहा पेन्स आणि त्यावर एक शिलिंग. त्या कराच्या नोंदवह्या म्हणजे क्यूची आयआर १ मालिका. मास्टरचं नाव, गाव, धंदा, उमेदवाराचं नाव, आणि साधारण १७५२ पर्यंत बापाचंही. पण पॅरिशने लावलेल्या गरीब मुलांवर कर नव्हता आणि बापाकडेच शिकणाऱ्याची फीच नसे, म्हणून हे दोन्ही गट तिथे जवळजवळ नाहीत. पॅरिशचे करार परगण्याच्या रेकॉर्ड ऑफिसात, पॅरिशच्या पेटीतल्या कागदांत असतात. १८११ नंतर देशभराची एक वही नाही. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीसारखं, एका ठिकाणी बसून सात पिढ्या मिळाव्यात, असं काही तिथे नाही. तुकडेच जोडावे लागतात.

लंडन शहराचा कारागीर असेल तर सिटीच्या ‘फ्रीडम’चे, म्हणजे शहरात धंदा करण्याच्या हक्काचे, कागद लंडन आर्काइव्ह्जमध्ये (२०२४ पर्यंतचं नाव लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्ह्ज) १६८१ पासून आहेत, आणि त्यांत उमेदवारीचा करार बरेचदा जोडलेला असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धासाठी खरा खजिना कामगार संघटनांचा. वॉरिक विद्यापीठाच्या मॉडर्न रेकॉर्ड्स सेंटरमध्ये पाथरवटांच्या, सुतार-जॉइनरांच्या आणि एंजिनियरांच्या जुन्या संघटनांचे अहवाल आहेत. शाखावार सभासद, आजारपणाचा भत्ता, अंत्यविधीची रक्कम. सुतार-जॉइनरांची १८६० ची आणि एंजिनियरांची १८५१ ची संघटना, या दोघींच्या शाखा कॅनडातही होत्या, त्यामुळे माणूस एका शाखेतून दुसरीकडे गेल्याचा माग लागू शकतो. गवंडी, सुतार आणि एंजिनियर यांच्या संघटना वेगळ्या, त्यामुळे आधी नेमका धंदा पक्का करा आणि मगच केंद्राला लिहा.

टोरांटोकर

कॅनडाच्या बाजूचे उरलेले कागद, जसे आठवतील तसे.

पहिल्या महायुद्धातल्या कॅनडाच्या सैन्याच्या सहा लाखांहून अधिक फायली लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडाने स्कॅन करून फुकट ठेवल्या आहेत. भरतीच्या कागदावर जन्माचं गाव किंवा पॅरिश, धंदा, जवळचा नातेवाईक आणि त्याचा पत्ता. इंग्लंडचा तरुण कारागीर भरती झाला नसेल असं गृहीत धरू नका. तो नसेल तर त्याचा अविवाहित भाऊ शोधा. भावाच्या फायलीत आईचा इंग्लंडमधला पत्ता असतो. मात्र वयं खोटी असतात, दोन्हीकडे सरकवलेली.

मेथडिस्ट म्हणून लिहिलं आहे ते महत्त्वाचं. इंग्लंडच्या जनगणनेत धर्म नाही, कॅनडात आहे. म्हणजे इंग्लंडमध्ये अँग्लिकन पॅरिशबरोबर मेथडिस्ट सर्किटच्या (त्या पंथाच्या चर्चांच्या स्थानिक गटाच्या) बाप्तिस्मा-वह्याही पाहायच्या. कॅनडात १९२५ मध्ये मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बरेचसे प्रेस्बिटेरियन मिळून युनायटेड चर्च झालं, त्यामुळे जुन्या मेथडिस्ट वह्या आता त्यांच्या अभिलेखागारात.

प्रेअरीत गेलेल्या कारागिराने दहा डॉलर भरून १६० एकरांचा होमस्टेड, म्हणजे कसून राहण्यासाठी सरकारने दिलेली जमीन, घेतलेला असू शकतो. लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडाकडच्या नोंदी जमीन मिळाल्याच्या. अर्जाची फाइल प्रांताच्या अभिलेखागारात, आणि खरा मजकूर तिथे: घर केवढं, किती एकर नांगरली, किती महिने तिथे राहिला. प्रेअरी प्रांतांची जनगणना १९०६, १९१६ आणि १९२६ मध्ये मधेही झालेली आहे.

१९३१ ची कॅनडाची जनगणना १ जून २०२३ ला खुली झाली. तोवर आपला गवंडी ५२ वर्षांचा असेल. ब्रिटिश कोलंबियाला सरकला असेल तर तिथल्या नोंदी उदार आहेत: मृत्यू २० वर्षांनी, लग्न ७५ वर्षांनी, जन्म १२० वर्षांनी खुले होतात. कॅनडाच्या मृत्युनोंदीत आईबापांची नावं असली तर घ्या, पण ती सांगणारा जावई किंवा शेजारी असतो. आजीचं माहेरचं आडनाव तिथे पुष्कळदा चुकतं.

पिंपळपान

तिन्ही तपासण्या झाल्या. खंड ९ वालं कुटुंब १९११ च्या एप्रिलमध्ये यॉर्कशायरमध्ये घरीच आहे, मुलगी पाच वर्षांची, बाद. खंड ६ड मधल्या १९०४ च्या मुलीची मृत्युनोंद त्याच जिल्ह्यात, त्याच वर्षी. १९०६ च्या मुलीचा दाखला आला: फेब्रुवारी, बाप ‘ब्रिकलेयर, जर्नीमन’. १९०८ च्या जूनमध्ये क्वेबेकला उतरलेल्या यादीत बाई आणि दोन वर्षांची मुलगी, टोरांटो. तिची बोट लिव्हरपूलहून निघाली. १९०७ चा २८ वर्षांचा शेतमजूरही लिव्हरपूलचाच, शिक्का बोनसचा.

लग्नाच्या दाखल्यावर मात्र नवऱ्याच्या बापाचा धंदा ‘ब्रिकमेकर’, आणि पुढे ‘मृत’ असं लिहिलेलं नाही. १८८१ मध्ये त्या नावाचा ब्रिकमेकर त्या परगण्यात दोन ठिकाणी आहे.

रुमालवाली

‘मृत’ लिहिलं नाही म्हणून बाप हयात होता असं धरू नका. लिहून घेणारे ते पुष्कळदा गाळत. ब्रिकमेकर म्हणजे विटा पाडणारा, गवंड्याहून वेगळं काम. वीटभट्टीचं काम हंगामी, म्हणून ही कुटुंबं मातीच्या मागे सरकतात. १८८१ च्या दोन्ही घरांतल्या मुलांची जन्मगावं क्रमाने लिहा. मे १८७९ चा मुलगा ज्या घरात एक वर्षाचा दिसतो ते घर घ्या; जनगणना ३ एप्रिलची आहे, तेव्हा दोन पुरी झालेली नाहीत. दोन्हीकडे तसा मुलगा असेल तर जीआरओ सूचीत दोघांच्या आयांची माहेरची आडनावं काढा आणि टोरांटोतल्या मुलांची मधली नावं पाहा. इंग्रज कामगार घरांत आजीचं माहेरचं आडनाव नातवाचं मधलं नाव म्हणून येतं.

पिंपळपान

मुलाचं मधलं नाव आडनावासारखंच आहे, आणि ते आईच्या माहेरचं नाही. आज रात्री दोन्ही ब्रिकमेकरांच्या बायका तपासते.